एकट्याला न येणारं गाणं

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात चोरखमारा नावाचं गाव आहे. नागझिऱ्याच्या जंगलात शिरण्याचं एक फाटक इथे असल्यानं पर्यटकांना ते ठाऊक असतं. शेतकऱ्यांना ते तलावामुळे ठाऊक असतं. वर जंगल, मध्ये पाणी आणि खाली धानाच्या बांध्या. या प्रकरणात आपण या तलावाच्या पाळीवर एक मैफल भरवू. ती प्रत्यक्षात झालेली नाही, पण तिच्यातली गाणी खरी आहेत. गाणारे येणार आहेत जॉर्जियाहून.

जॉर्जिया म्हणजे काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या मधला चिमुकला देश. क्षेत्रफळ सुमारे 70 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाहूनही लहान. तिथले लोक आपल्या देशाला साकार्तवेलो म्हणतात. त्यांची लिपी स्वतंत्र आहे आणि भाषा आजूबाजूच्या कोणत्याही मोठ्या भाषाकुळात बसत नाही. त्यांच्या गाण्याची रीतही अशीच वेगळी आहे. युनेस्कोनं 2001 साली ती मानवजातीच्या मौखिक वारशातला अमोल ठेवा म्हणून जाहीर केली.

ही रीत समजण्यासाठी आधी आपली सवय तपासू. आपल्याकडे दहा जण गातात म्हणजे दहा जण एकच चाल गातात. दिंडीत विणेकरी अभंगाचं चरण म्हणतो आणि टाळकरी तेच उचलतात. शाळेतली प्रार्थना, गणपतीची आरती, भजनी मंडळ, सगळीकडे हाच नियम. ‘सुरात सूर मिसळणे’ हा आपल्या भाषेत एकोप्याचा शब्दच होऊन बसला आहे. कोणी वेगळा सूर लावला तर तो बेसूर. गोंडी रेला नाचात मुली एकमेकींच्या कमरेत हात गुंफून रांग धरतात. एक रांग ओळ गाते, दुसरी ती झेलते. तिथेही साधारणपणे एका वेळी एकच चाल ऐकू येते.

याहून थोडी वेगळी आहे ती पोवाड्यातली झील. शाहीर कडवं संपवत आणतो तेव्हा मागचे झीलकरी ‘जी जी’ करत एक लांब सूर धरतात आणि शाहीर त्या सुरावर पाय रोवून पुढच्या कडव्यात उडी घेतो. काही क्षणांपुरते का होईना, दोन वेगळे आवाज एकाच वेळी वेगळं काम करत असतात. हे काही क्षण ताणून संपूर्ण गाणंभर पसरले आणि दोनाचे तीन आवाज केले, तर आपण जॉर्जियाच्या दाराशी पोहोचतो.

गोंदियाच्या माणसाला आणखी जवळचं उदाहरण देता येईल. या जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी सारस पक्षी राहतात. महाराष्ट्रात त्यांचं मुख्य घर हेच. सारसाची जोडी माना उंचावून ओरडते तेव्हा ती एकच लांबलचक हाक वाटते. नीट कान दिला की कळतं, नराच्या एका लांब हाकेत मादीच्या दोन-तीन आखूड हाका गुंफलेल्या असतात. दोघं एकसारखं ओरडत नाहीत आणि एकमेकांना सोडूनही ओरडत नाहीत. एकटा सारस ओरडू शकतो, पण ही हाक काही त्याला एकट्याला देता येत नाही.

आता पाळीवरचे गायक उभे राहतात. दहा-बारा पुरुष, अंगात चोखा नावाचा कमरेला घट्ट बसणारा लांब अंगरखा. समोर हात हलवणारा संचालक नाही, पेटी नाही, तंबोरा नाही. ते अर्धवर्तुळात जवळजवळ उभे राहतात, कारण प्रत्येकाला शेजाऱ्याचा आवाज कानात हवा असतो.

पहिलं गाणं मेजवानीचं. जॉर्जियात पाहुण्यांसाठी मांडलेल्या पंगतीला सुप्रा म्हणतात. तिचा सूत्रधार असतो तामादा. देवासाठी, मेलेल्यांसाठी, आईबापांसाठी, पाहुण्यांसाठी तो एकामागून एक शुभेच्छा बोलतो. प्रत्येक शुभेच्छेनंतर द्राक्षांची दारू आणि अधूनमधून गाणं. त्यातलं सगळ्यात ठरलेलं गाणं म्हणजे ‘म्रवालझामिएर’, अर्थ ‘उदंड वर्षं’. आपल्या ‘शतायुषी व्हा’चंच भावंड. त्याच्या निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या चाली आहेत.

एक जण गाणं सुरू करतो. एक-दोन शब्द होतात न होतात तोच दुसरा आत येतो, पण पहिल्याची चाल घेऊन नव्हे, स्वतःची घेऊन. मग बाकीचे सगळे खालून खर्ज धरतात. या खालच्या आवाजाला बानी म्हणतात. आपल्या कानाला पहिला धक्का इथे बसतो. खाली सा, वर म आणि प, असे तीन सूर एकाच वेळी वाजतात. आपला तंबोरा सा-प लावतो किंवा सा-म, दोन्ही एकदम सहसा नाही, कारण म आणि प शेजारी-शेजारी वाजले की घासतात. जॉर्जियन गायकाला नेमकी ती घसटच हवी असते. ते ती काही क्षण हवेत कंप पावत ठेवतात आणि मग तिन्ही आवाज सरकत एका सुरावर, नाहीतर सा-प वर येऊन थांबतात. घसट जितकी तीव्र, तितकं ते थांबणं गोड.

हे पेटीवर वाजवून पाहू नका. त्यांचे कितीतरी सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतात. आपल्या श्रुतींची सवय असलेल्या कानाला ते नवल वाटणार नाही. मात्र एक फरक आहे. आपला षड्ज तंबोऱ्याला बांधलेला असतो, गायक त्याच्यापाशी परत येतो. इथे खर्ज धरणारेही जागा बदलतात आणि कित्येकदा गाणं संपता संपता सगळेच मिळून सुरुवातीच्या सुराहून वर गेलेले असतात. आधाराचा सूर बाहेर कुठे नसतो, तो शेजाऱ्याच्या गळ्यात असतो.

दुसरं गाणं ओरोवेला. इथे बाकीचे गप्प राहतात आणि एकच जण पुढे येतो. हे नांगरटीचं आणि मळणीचं गाणं, बैलांना ऐकवायचं. ते एकट्यानं गायचं, लांब हेलकाव्यांचं. मोटेवरची गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना त्याची ओळख पटवावी लागणार नाही. म्हणजे या लोकांना एकट्यानं गाणं येत नाही असं नाही. तीन आवाजांची त्यांनी निवड केली आहे.

तिसरं गाणं लागलं की पाळीखालच्या बांध्यांतून कोणीतरी मान वर करून पाहील. या प्रकाराचं नाव नादुरी. ‘नादी’ म्हणजे गावानं मिळून एकाच्या शेतात राबायचं, आज तुझ्या, उद्या माझ्या. पश्चिम जॉर्जियातल्या गुरिया आणि अजारिया भागांत मक्याची खुरपणी-कोळपणी अशी व्हायची. राबणाऱ्यांचे दोन गट पडत. पहिला गट गाणं म्हणे, त्याचा शेवट हवेत असतानाच दुसरा ते उचले. गाण्याबरोबर कामाची गती वाढत जाई, पार दोन्ही गटांना दम लागेपर्यंत. शब्द सुरुवातीला थोडे असतात, पुढे नुसतेच निरर्थक बोल उरतात.

नादुरीत तीन नव्हे, चार आवाज असतात. सगळ्यात वरचा आवाज काढणाऱ्याच्या नावाचा अर्थच आरवणारा. वरच्या आवाजाची आणखी एक करामत म्हणजे क्रिमानचुली. पुरुषानं खोटा बारीक आवाज काढून खालीवर उड्या मारत केलेली ही नक्षी, कोंबडा आणि बासरी यांच्या मधली काहीतरी. हे सगळं चिखलात नाहीतर ढेकळांत उभं राहून, हातात खुरपं घेऊन.

चोरखमाऱ्याच्या शिवारात मक्याच्या जागी धान आहे. आषाढात चिखलणी होते, खारीतले पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून पेंढ्या बांधल्या जातात आणि बायका रांगेनं वाकून रोवणी करतात. रोवणीची गाणी याच रांगेत जन्मली. पश्चिम महाराष्ट्रातली भलरी हीसुद्धा अशीच, अनेक हातांची चाल एकत्र ठेवण्यासाठी. कमरेत वाकलेल्या माणसाला दिवस लांब वाटू नये आणि मागे पडणाऱ्याला कोणी न बोलताही ओढून घेता यावं, हे गाण्याचं काम. ते जॉर्जियात होतं तसंच इथे. फरक इतकाच की आपण एक चाल दहा तोंडांनी म्हटली, त्यांनी दहा तोंडांत चार चाली वाटल्या.

भात आणि अनेक चाली यांची जोडी पाहायला मात्र परदेशी जावं लागत नाही. नागालँडमधल्या फेक गावात भातशेतीच्या पायऱ्यांवर काम करताना गट करून ‘ली’ नावाची गाणी म्हणतात आणि त्यांत एकाच वेळी वेगवेगळे आवाज एकमेकांत गुंफलेले असतात. या गावावर 2017 साली एक माहितीपटही आला. शिवाय गोव्याच्या मांडोत दोन गळे एकमेकांशी ठरावीक अंतर राखून सोबत चालतात. ही रीत तिथे चर्चच्या गायनशाळांतून आली. बहुस्वरी गाणं भारताला परकं आहे असं म्हणणाऱ्यानं आधी नकाशाची पूर्व आणि पश्चिम टोकं पाहावीत.

चौथं गाणं हळू आवाजातलं, आणि मुळात ते बायकांचं. पूर्वी मूल गोवरानं किंवा देवीनं आजारी पडलं की जॉर्जियन घरात ‘बातोनेबी’ आले असं समजत. बातोनेबी म्हणजे मालक, धनी. ते पाहुणे आहेत, रागावले तर मुलाला घेऊन जातील, म्हणून त्यांना खूश ठेवायचं. खोलीत लाल कापड, फुलं, गोडधोड ठेवायचं, भांडण करायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही आणि मुलाच्या उशाशी बसून त्यांची गाणी म्हणायची. आपल्याकडे रोगालाच ‘देवी’ म्हणण्याची रीत होती, उशाला कडुलिंबाचा पाला असे. हजारो कोसांवरच्या दोन समाजांनी एकाच भीतीला एकच उपाय शोधला, तिला आदरानं घरात घ्यायचं. भारतातून देवीचा रोग 1975 साली गेला आणि 1980 साली जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. रोग गेला, जॉर्जियात त्याची गाणी उरली. आज ती अंगाईसारखी म्हटली जातात.

पाचव्या गाण्यात शब्दच नाहीत. उत्तरेकडच्या स्वानेती या उंच डोंगराळ मुलखात माणूस गेला की पुरुष मिळून ‘झारी’ म्हणतात. नुसते स्वर, आ आणि ओ, तिन्ही आवाज एकमेकांना घट्ट धरून एकत्र सरकणारे. शोकाला शब्द कमी पडतात हे आपण नुसतं म्हणतो, त्यांनी तसं गाणंच करून ठेवलं. या गाण्यांचे सूर मोजायला 2016 साली तिथे गेलेल्या पथकात पॉट्सडॅम विद्यापीठाचे फ्रँक शेरबाउम होते. त्यांचा मूळ विषय भूकंप! एकत्र गाणाऱ्यांचे आवाज वेगळे कसे काढायचे, हा प्रश्न होता. त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यालाच एक छोटा मायक्रोफोन बांधला. जमिनीचा थरकाप मोजणाऱ्या माणसानं कंठाचा थरकाप मोजला.

माणसं अशी का गाऊ लागली असतील? जॉर्जियन संगीत-अभ्यासक जोसेफ जॉर्डानिया यांनी एक धाडसी तर्क मांडला आहे. त्यांच्या मते अगदी आदिम काळात माणसांचे कळप हिंस्र प्राण्यांना हुसकावण्यासाठी एकत्र, मुद्दाम घासणाऱ्या सुरांत ओरडत. तीच बहुस्वरी गाण्याची सुरुवात. हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, आणि अनेक अभ्यासकांना तो पटलेला नाही. पण नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला लोक गटानं जातात आणि मुद्दाम आवाज करत चालतात. अनेक गळ्यांचा आवाज ऐकला की वाघालाही समजतं, इथे एकटं कोणी नाही.

सहावं गाणं ‘चाक्रुलो’. पूर्वेकडच्या काखेती भागाचं. खाली सगळ्यांचा जड, न हलणारा खर्ज आणि वर दोन गायक आळीपाळीनं तानांची नक्षी काढतात. ख्यालाच्या श्रोत्यालाही मान डोलवावीशी वाटेल असं. जुलमी सरदाराविरुद्ध लढायला निघालेल्यांचं हे गाणं. या काखेतीशी आपला एक जुना धागा आहे. तिथली राणी केतेवान हिनं धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 साली इराणच्या शाह अब्बासनं शिराझमध्ये तिचा छळ करून जीव घेतला. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्यातल्या आपल्या मठात आणून ठेवला. त्या मठाच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याला अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेनं त्यांची जनुकीय तपासणी केली आणि 2021 साली भारतानं त्यांतल्या काही अस्थी जॉर्जियाला सन्मानानं भेट दिल्या.

दुसरा धागा पृथ्वीवर नाहीच. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. कुणी परग्रहवासी भेटलाच तर त्याच्यासाठी प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर 55 भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे. संगीताचे 27 तुकडे आहेत. त्यांतला एक ‘चाक्रुलो’, आणि एक गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी. एका बाजूला एकच गळा, तंबोऱ्याच्या आधारानं साडेतीन मिनिटांत सगळी रात्र उजळणारा. दुसऱ्या बाजूला अनेक गळे, कोणत्याही वाद्याशिवाय. व्हॉयेजर-1 हे यान 5 सप्टेंबरला निघालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज आणि तो काखेतीचा खर्ज, दोन्ही आता सौर वाऱ्याचा प्रभाव संपतो त्या सीमेपलीकडे आहेत.

मैफल इथे संपवता आली असती. पण जॉर्जियाच्या गाण्याची सगळ्यात मोठी गोष्ट आकाशात घडली नाही, ती 1966 साली त्बिलिसीच्या संगीत महाविद्यालयातल्या एका खोलीत घडली.

तीन आवाजांचं गाणं तिथे नुसतं शेतात आणि पंगतीत नव्हतं, चर्चमध्येही होतं. बाराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला तत्त्वज्ञ इओआने पेत्रित्सी या तीन आवाजांची नावं देतो. ही स्तोत्रं हजारोंच्या संख्येनं होती आणि गुरूकडून शिष्याकडे, तोंडातून कानाकडे जात. 1811 साली रशियन साम्राज्यानं जॉर्जियन चर्चचं स्वातंत्र्य संपवलं आणि हळूहळू जुनं गायन मागे पडत गेलं. शतकाच्या अखेरीला फिलिमोन कोरिद्झे हा इटलीच्या ला स्काला रंगमंचावर गायलेला गायक आपली कारकीर्द बाजूला ठेवून म्हाताऱ्या गायकांसमोर बसला आणि त्यानं हजारो स्तोत्रं लिहून काढली. सोव्हिएत काळात धर्माचा कागद जवळ ठेवणंही धोक्याचं होतं. तेव्हा एक्व्तिमे केरेसेलिद्झे या साधूनं ती बाडं जागा बदलत लपवली आणि 1935 साली संग्रहालयाच्या हवाली केली.

कागद वाचला, पण कागदावरून सगळंच गाता येत नाही. ते गाता येणाऱ्यांतला शेवटचा मोठा माणूस गुरियातला आर्तेम एर्कोमाइश्विली. जन्म 1887. त्याच्या वडिलांच्या गायकमेळ्याचं गाणं 1907 साली ग्रामोफोन कंपनीनं तबकडीवर घेतलं होतं, म्हणजे त्याआधी पाच वर्षं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं घेणाऱ्या त्याच कंपनीनं. वार्लाम सिमोनिश्विली आणि दिमित्री पातारावा हे आर्तेमचे जोडीदार. तिघांनी आयुष्यभर एकत्र गायलं. 1966 पर्यंत ते दोघंही नव्हते. आर्तेमला तिन्ही आवाज पाठ होते, पण तोंड एकच होतं.

तेव्हा त्बिलिसीतल्या अभ्यासकांनी ध्वनिमुद्रण यंत्रं मांडली. आर्तेमनं आधी वरचा आवाज गाऊन दिला. मग तो यंत्रावर लावला आणि ऐकत ऐकत त्यानं दुसरा आवाज गायला. मग ते दोन्ही लावून तिसरा. अशी शंभराहून जास्त स्तोत्रं. ऐंशीला टेकलेला एक माणूस स्वतःच्याच आवाजाला साथ देत होता, कारण साथ द्यायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. पुढच्याच वर्षी तो गेला. 1968 साली त्याचा नातू आन्झोर यानं रुस्तावी नावाचा गायकमेळा उभा केला. आज जगभरच्या मंचांवर जॉर्जियन गाणं ऐकू येतं, त्याच्यामागे त्या खोलीतल्या तीन फेऱ्या आहेत.

बहुस्वरी गाण्याचं बळ आणि त्याची नाजूक जागा एकच आहे. ते एकट्याला येत नाही. ख्याल एका गुरूच्या गळ्यात शाबूत राहू शकतो, ओवी एका आजीच्या ओठांवर तग धरते. तीन आवाजांच्या गाण्याला मात्र तीन माणसं लागतात, आणि ती एकमेकांच्या शेजारी राहत असावी लागतात.

आपल्या रोवणीच्या गाण्यांत चाल एकच असली तरी त्यांनाही रांग लागतेच. कुठे आता आवत्या टाकतात, म्हणजे बी थेट शेतात फेकतात, कुठे यंत्रानं रोवणी होते, कुठे ती गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, दिली जाते. कष्ट वाचत असतील तर त्याबद्दल रडण्याचं कारण नाही. पण पुढच्या आषाढात तुम्ही धानाच्या मुलखात गेलात आणि एखाद्या आजीला जुनी गाणी येतात असं कळलं, तर मोबाइल लगेच तिच्या तोंडासमोर धरू नका. आधी विचारा, तिच्या रांगेत आणखी कोण कोण असायचं. त्यांतल्या दोघी-तिघींना बोलावून तिच्या शेजारी बसवा. मग यंत्र सुरू करा.